निळ्या वाटाण्याची उगवण

९ फेब्रुवारी

सुट्टी संपवून बियाण्यांच्या भांडारात कामावर गेले, शीतघराचं दार उघडलं आणि वाफ अंगावर आली. आधी काही कळलंच नाही. इतक्या वर्षांची सवय, हात आपोआप स्वेटरची बटणं लावत होते आणि समोरून ओल्या पोत्याचा उबट वास येत होता. गारवा देणारं यंत्र सुट्टीत कधीतरी बंद पडलं. धोक्याची घंटा वाजायला हवी होती, पण तीही त्याच वायरीवर. यंत्र गेलं तशी घंटाही गेली. इलेक्ट्रिशियन म्हणाला, "अशी जोडणी कुणी केली?" ज्यानं केली तो कधीच निवृत्त झाला. निरोप समारंभात त्याला शाल दिली होती आम्ही.

वरच्या मांडण्या वाचल्या. खालच्या मांडणीवर छतातलं पाणी ठिबकून पाकिटं फुगली होती. मी सरळ गुडघ्यावर बसले आणि मामाच्या वाटाण्याचं पाकीट शोधलं. सापडलं. कोपऱ्यात शिवण सुटली होती. आतले दाणे बोटाला चिकटले.

बाकीच्या बहुतेक वाणांची जोडपाकिटं दुसऱ्या भांडारात आहेत. निळ्या वाटाण्याचं नाही. दाणे थोडे होते म्हणून पाठवायचं राहिलं होतं. हा वाटाणा फक्त मामाच्या गावात पिकायचा, वरच्या अंगाला, धुक्याच्या शेतांत. दोन हंगाम मूळकुज आली आणि गावातून साफ गेला. मामाच्या घरचं बियाणंही त्यातच गेलं. मागच्या वर्षअखेरीस त्यानं फोन करून विचारलं होतं, "चिमे, मी तुझ्याकडे दिलेले दाणे आहेत ना गं?" मी म्हणाले होते, "बँकेत ठेवलेत समज." नियमाप्रमाणे उगवण तपासून याच महिन्यात थोडे द्यायचे ठरले होते.

साहेबांना सांगितलं. ते खुर्चीत मागे रेलले आणि म्हणाले, "कुंपणानंच शेत खाल्लं म्हणायचं."

मामाला अजून कळवलेलं नाही.

११ फेब्रुवारी

काही दाणे ओल्या कागदावर मांडले. उगवण कक्षाचं काम मुळात एवढंच आहे: कागद ओला करायचा, दाणे ओळीत ठेवायचे, झाकण लावायचं आणि बसायचं. घड्याळ म्हणतो, लोक देव पाण्यात घालून बसतात, आपण बी. (घड्याळ म्हणजे माझ्या शेजारच्या टेबलावरचा सहकारी. दर दिवशी त्याच मिनिटाला डबा उघडतो म्हणून सगळे त्याला तसं म्हणतात. त्याला ते आवडतं.)

बसून राहायचं म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगता येत नाही. कोरडं बी मेल्यासारखं असतं, पण मेलेलं नसतं. पाणी आत गेलं की ते पहिला श्वास घेतं. त्या श्वासातच धोका असतो. ऑक्सिजन आला की त्यातला थोडा बिथरतो, पेरॉक्साइडसारखी जळजळीत द्रव्यं तयार होतात. ती थोडी हवीतच, त्याशिवाय बी जागं होत नाही. जास्त झाली तर बी स्वतःच्याच श्वासानं आतून भाजतं. ताज्या बियांजवळ ही आग आवरणारी द्रव्यं भरपूर असतात. जुन्या, भिजलेल्या बियांजवळ किती उरलीत, हे बी उगवेपर्यंत किंवा कुजेपर्यंत कळत नाही.

१४ फेब्रुवारी

मामाचा फोन आला. मी कागद उलगडतच होते.

"काय गं, कामात आहेस?"

"बोल ना."

"माझे दाणे काय म्हणतात?"

मी म्हणाले, "भिजत घातलेत." हे खोटं नव्हतं.

"बरं बरं. घाई नको करू."

मागून कसलातरी खडखडाट येत होता, पट्टा फिरल्यासारखा. मी विचारलं, कुठे आहेस. "बाजारात," म्हणाला. त्याच्या गावचा बाजार एवढा गजबजला कधीपासून, कोण जाणे. फोन ठेवल्यावर वाटलं, सांगून टाकायला हवं होतं. मग वाटलं, निकाल तरी येऊ दे.

१७ फेब्रुवारी

निकाल आला.

दाण्यांखालचं पाणी दुधासारखं गढूळ. म्हणजे आतल्या पडद्यांना भोकं पडलीत आणि बियांचं सत्त्व बाहेर गळतंय. त्या सत्त्वावर बुरशी जेवायला बसली. काहींनी मोड काढला होता, कणभर, आणि त्याचं टोक तपकिरी झालं होतं. एक मोड जरा लांब होता. मी झाकण बंद करून पुन्हा उघडलं, जणू तेवढ्यात काही बदलणार होतं.

घड्याळ आला आणि पाहून गेला. त्यानं आज डबा उशिरा उघडला.

२० फेब्रुवारी

साहेबांशी वाद झाला. वाद कसला, मी बोलले आणि त्यांनी ऐकून घेतलं.

त्यांचं म्हणणं, उरलेल्या दाण्यांतले थोडे दळून आतली स्थिती मोजा. ग्लुटाथायोन नावाचं एक द्रव्य बियांत असतं. आग आवरण्याचं बरंचसं काम तेच करतं. ते स्वतः अंगावर घेतं आणि दुसऱ्याला वाचवतं. किती ग्लुटाथायोन अजून कामाला उभं आहे आणि किती जळून जोडीजोडीनं आडवं पडलं आहे, यावरून एक आकडा काढता येतो. हा आकडा एका रेषेपलीकडे गेला की निम्मं बियाणं हातचं गेलं समजायचं.

मी म्हणाले, "पण साहेब, दळलेला दाणा परत पेरता येत नाही."

"आणि न मोजता सगळे पेरलेत आणि सगळे गेले, तर मग काय सांगाल?"

"मोजून तरी काय सांगणार?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "बाई, काहीच हातात नसतं तेव्हा निदान आकडा असावा."

दुपारी मी स्वतः दळले. दुसऱ्या कुणाला देववेना. खलबत्त्यात निळी साल आधी फुटते, आत फिकट पिवळं. मामाच्या घरी लहानपणी शेंगा सोलायला बसवत तेव्हा सालीसकट दाणे तोंडात टाकायचे आणि मामी हातावर चापट मारायची. तो वास अजून थोडा होता.

आकडा रेषेपलीकडे गेलाय. फार नाही. पण पलीकडे.

२४ फेब्रुवारी

आता ठरवलंय, पाणी एकदम द्यायचं नाही. बंद डब्यात तळाशी पाणी, वर जाळी, जाळीवर दाणे. दाण्यांनी हवेतली ओल हळूहळू प्यायची. एकदम पाणी मिळालं की फाटलेले पडदे सांधायला वेळ मिळत नाही. खूप दिवसांच्या उपाशी माणसाला ताट वाढत नाहीत, तसंच.

घरी आईला हे सांगितलं. आई मामाची मोठी बहीण. मामाच्या दाण्यांचं काय झालं हे घरात तिला एकटीलाच माहीत आहे आणि मी तिला बजावून ठेवलंय, मामापाशी अक्षर काढायचं नाही. ती "बरं" म्हणाली. हल्ली ती मामाशी बोलताना फोन घेऊन गॅलरीत जाते आणि दार लावून घेते. मी चिडेन अशी भीती वाटत असावी तिला. आज आत आल्यावर एकदम म्हणाली, "तू इतकी जिवाला लावून घेऊ नकोस. वाटाणाच आहे."

मी म्हणाले, "तुझ्या भावाचं शेत आहे ते."

आई भाजी निवडायला बसली. मला ते लागलं. सख्ख्या भावाचं इतकं कसं वाटत नाही हिला.

३ मार्च

जे दाणे फारच मऊ झाले होते त्यांचे अंकुर कापून वेगळे काढले. दाण्याची दोन दळं म्हणजे शिदोरी, आणि त्यांच्यामध्ये दडलेला, तांदळाच्या कणीएवढा अंकुर म्हणजे खरा प्रवासी. शिदोरी नासली असेल तर प्रवाशाला एकट्याला बाहेर काढायचं आणि काचेच्या नळीत साखर घातलेल्या मऊ जेलीवर ठेवायचं. कापताना जखम होते, जखमेतून पुन्हा तीच आग. म्हणून जेलीत क जीवनसत्त्व घालतात, ते आग विझवतं.

किती घालायचं यावर माझं आणि घड्याळाचं जुंपलं. मी म्हणाले जास्त. तो म्हणाला बेतानं. शेवटी निम्म्या नळ्यांत माझ्या मताप्रमाणे, निम्म्यांत त्याच्या.

दिवसभर मान खाली घालून पातं चालवलं. संध्याकाळी मान वर होईना. काही अंकुर कापताना तुटले. ते माझ्याच हातून तुटले, दुसऱ्या कुणाच्या नाही.

९ मार्च

मामाचा फोन.

"काय खबर?"

"छान चाललंय." इतक्या सहज म्हणाले की माझी मलाच लाज वाटली.

"उगवतायत?"

"सावकाश उगवतायत. जुने आहेत ना."

"जुनं झालं की सगळंच सावकाश. माझे गुडघे बघ." हसला. मग म्हणाला, "जेवतेस का वेळेवर? आई म्हणत होती, तू डबा तसाच परत आणतेस."

"तिचं काय ऐकतोस. तुझ्याकडे जमीन तयार आहे ना? कुज गेली का पूर्ण?"

थोडा वेळ फोनवर काहीच आलं नाही. मला वाटलं लाइन गेली.

"जमीन काय, असते जागेवर," मामा म्हणाला. "तू तुझं बघ."

रेंज तिकडे नेहमीच खराब असते.

११ मार्च

माझ्या नळ्यांतले अंकुर स्वच्छ आहेत. पांढरेशुभ्र, एकही डाग नाही. आणि एकही वाढलेला नाही. आग इतकी विझवली की जाग येण्यापुरतीही उरली नाही. घड्याळाच्या नळ्यांतले बरेच काळवंडले, पण त्यातल्या काही अंकुरांना मुळं फुटलीत.

तो एवढंच म्हणाला, "बघू आता." त्याच्या जागी मी म्हणालेच असते, "सांगितलं होतं ना." तो बरा माणूस आहे.

माझ्या अंकुरांना आता दुसऱ्या जेलीवर हलवून पाहिलं. त्यांनी हू की चू केलं नाही. झोपेतच गेले म्हणायचं.

१५ मार्च

जाळीवर हळूहळू ओल प्यायलेल्या दाण्यांना मोड आले. सगळ्यांना नाही, पण आले. सकाळी साहेबांना हात धरून नेण्याएवढी मी उतावीळ झाले होते. ते आले, वाकून पाहिलं, "वा," म्हणाले.

दुपारी मी पुन्हा पाहिलं. मोड वाढत नव्हते. दळं तशीच टणक. ताज्या दाण्याची दळं मोड वाढेल तशी सुरकुततात, कारण आतला साठा मोडाला जात असतो. साठ्यातली प्रथिनं गंधकाच्या कड्यांनी बांधून ठेवलेली असतात. बी जागं झालं की एक चिमुकलं प्रथिन, थायोरेडॉक्सिन, हिंडून त्या कड्या उघडतं. मग साठा विरघळतो आणि रोपाला मिळतो. इथे कड्या उघडणारंच थकलं आहे, किंवा त्याला बळ देणारी यंत्रणा थकली आहे. रोपाच्या पाठीवर भरलेली शिदोरी आहे आणि रोप उपाशी आहे.

बाहेरून कड्या उघडता येत नाहीत. प्रयोगशाळेत नळीत उघडून दाखवतात, भाषणं देतात. जिवंत दाण्याच्या आत जाऊन नाही उघडता येत. मी तापमान बघितलं, ओल बघितली, प्रकाश बघितला. सगळं जिथल्या तिथे होतं. करण्यासारखं एकही काम उरलं नव्हतं, म्हणून मी टेबल पुसलं.

१८ मार्च

आज काही नाही. आणखी काही मोड तपकिरी झाले.

२१ मार्च

दळं सुरकुतली. थोड्यांचीच, पण सुरकुतली. आम्ही काहीही केलं नव्हतं. त्यांचं त्यांनी उघडलं. मला आनंद व्हायला हवा होता आणि झालाही, पण त्याखाली राग होता. मी ज्यासाठी मान मोडली ते सगळं मेलं आणि ज्यांना मी हात लावला नाही ते उठून बसले.

मातीत लावले. घड्याळाच्या नळ्यांतलं एक रोपही लावलं.

२९ मार्च

कुंड्यांत आता चार रोपं उभी आहेत, बाकीच्यांनी मातीत मान टाकली. तीन हिरवी. चौथं पांढरं.

निव्वळ पांढरं, देठापासून पानापर्यंत. जुन्या, भाजलेल्या बियांत असं क्वचित होतं. आतलं आनुवंशिक लिखाण कुठेतरी जळतं आणि हिरवा रंग बनवायची विद्याच हरवते. ते उन्हातून अन्न करू शकत नाही. दळांतला साठा संपेपर्यंत वाढेल, मग संपेल. सध्या ते चौघांत सगळ्यात उंच आहे. सफाईला येणाऱ्या मावशी म्हणाल्या, "हे किती सुंदर दिसतंय. यालाच खत घालता का?"

मी हो म्हणाले.

२ एप्रिल

सुट्टी घेऊन मामाच्या गावाला जाऊन यावं असं ठरवलं. वाफा कुठे करायचा ते बघू, मातीचा नमुना आणू, आणि समोरासमोर सगळं सांगून टाकू. फोनवर खोटं बोलणं सोपं जातं, म्हणून प्रत्यक्षच जायला हवं.

आईला म्हणाले तर ती गडबडली. "आत्ता कशाला? तिकडे रस्त्याचं काम चालू आहे." रस्त्याचं कधी नव्हे ते बरं माहीत होतं तिला. मग म्हणाली, "त्यालाच बोलावते ना मी. त्यालाही बदल होईल." आणि फोन घेऊन गॅलरीत गेली.

तिला माझी दगदग नको आहे. आई ती आईच.

५ एप्रिल

मामा आला होता. सविस्तर लिहिते.

आधी घरी आला. हातात बेकरीचा खोका. जन्मात पहिल्यांदा मामा दुकानातली वस्तू घेऊन आला. एरवी त्याच्या पिशवीतून माती सांडते आणि आई केरसुणी घेऊन मागे फिरते. मी थट्टा केली, "आता शहरी झालास की." आई एकदम पाणी आणायला उठली. मामा म्हणाला, "बसमधून ओझं आणवत नाही गं आता." वाळलाय. इस्त्रीचा शर्ट, नखं एकदम स्वच्छ. माझ्या ऑफिसात यायचं म्हणून घासली असणार.

मग त्याला उगवण कक्षात नेलं. साहेबांनी स्वतः उठून खुर्ची दिली. मी चहा मागवला. मामा खुर्चीच्या अगदी कडेवर बसला होता, परक्याच्या घरी बसतात तसा. कुंड्या समोर आणून ठेवल्या.

तो बराच वेळ बघत राहिला. मग एका हिरव्या पानाला पाठीमागून बोट लावलं. "आहे," म्हणाला. "पानाची ही घडी दुसऱ्या वाटाण्याला नसते."

मी ठरवलं होतं तसं सुरू केलं. "मामा, मला तुला सांगायचंय. हे एवढेच राहिलेत. शीतघर बंद पडलं होतं. तू दिलेले बाकी सगळे दाणे गेले. मी फोनवर तुला..."

"असू दे."

"असू दे काय. मी तुझ्याशी खोटं बोलत होते."

"बरं," मामा म्हणाला. "आता खरं बोललीस. संपलं."

त्याला धक्का बसेल, तो चिडेल, निदान विचारेल कसं काय झालं, याची सगळी तयारी मी करून ठेवली होती. त्यातलं काही झालं नाही. मोठ्या मनाचा माणूस आहे. मला मात्र रडू आलं आणि साहेब काहीतरी शोधायच्या निमित्तानं बाहेर गेले.

मामानं मला रडू दिलं. मग पांढऱ्या रोपाकडे बोट करून म्हणाला, "हे का असं?"

मी सांगितलं. जितकं साधं सांगता येईल तितकं. त्यानं मन लावून ऐकलं.

"म्हणजे हे बरोबर आणलेलंच खातंय."

"हो."

"आणि ते संपलं की?"

"मग नाही राहत."

"बाहेरून काही देता नाही येत?"

"साखर देऊन पाहतात काचेच्या नळीत. तिथे थोडे दिवस जास्त. मातीत नाही."

"त्याला कळत असेल?"

मी म्हणाले, "झाडाला काय कळणार मामा."

"वाढतंय तर सगळ्यांच्या पुढे," तो म्हणाला. नंतर चहा थंड झाला तरी तो तिथेच बघत बसला होता. मी हिरव्या रोपांबद्दल सांगत होते: शेंगा कधी धरतील, मग त्याच्याकडे किती दाणे देता येतील, पुढच्या हंगामात छोटा वाफा, त्याच्या पुढच्या हंगामात अर्धं शेत. मी अगदी रंगून सांगत होते. तो "हं, हं" करत होता. दमला होता बिचारा प्रवासानं.

संध्याकाळी घरून निघताना आईनं त्याला दारात थांबवून हळू आवाजात काहीतरी विचारलं. तो मान हलवून "नाही" म्हणाला आणि जिना उतरला.

१२ एप्रिल

पांढरं रोप गेलं. आधी शेंडा वाकला, मग संपूर्ण. मी पाणी घातलं. का घातलं माहीत नाही.

८ मे

तीन हिरव्यांपैकी एकाचं मूळ कुजलं. माती वाफवून निर्जंतुक केली होती. तरीही. दोन राहिली. दोघांना फुलं आलीत, जांभळी.

आता मी कुंड्यांपाशी जाताना पाय न वाजवता जाते. घड्याळ हसत नाही, तोही तसाच जातो.

१६ जून

शेंगा वाळल्या. आज सोलल्या. दाणे लहान आहेत पण भरलेले, आणि निळे. साहेबांनी ओंजळीत घेऊन खिडकीशी नेले. म्हणाले, "बाई, संग्रह वाचला." निम्मे नव्या यंत्राच्या शीतघरात, थोडे दुसऱ्या भांडाराला, आणि माझ्या हट्टामुळे एक छोटी पुडी मामासाठी. वरिष्ठांना कळवताना साहेबांनी माझं आणि घड्याळाचं नाव घातलं. घड्याळानं सगळ्यांना पेढ्यांऐवजी केळी वाटली. म्हणाला, मधुमेह आहे सगळ्यांना.

घरी आले आणि चपला न काढताच मामाला फोन लावला.

"मामा, दाणे झाले. तुझी पुडी बांधून ठेवलीय. या रविवारी घेऊन येते. वाफा तयार कर."

तिकडे कुणीतरी टीव्हीचा आवाज बारीक केला.

"मामा?"

"चिमे, शेत दिलं गं मी."

मी चपला काढल्या. "कुणाला?"

"त्या शोभेच्या झाडांवाल्याला. तिथे आता त्याच्या कुंड्या आहेत ओळीनं. घरही त्यालाच. मी पोराकडे असतो. खोकी बांधायच्या कारखान्यात दारावर बसतो दिवसा. सावलीचं काम आहे."

"कधी दिलंस?"

"थंडीत. वर्ष संपता संपता."

म्हणजे शीतघर बंद पडायच्या आधी. मी मनात महिने मागे मागे सरकवत होते आणि ते कुठेच थांबत नव्हते.

"मग तू मला दर वेळी विचारत का होतास, दाणे काय म्हणतात म्हणून?"

"तू सांगत होतीस ना," मामा म्हणाला. "ताई म्हणाली, दाणे भिजलेत, पोरगी रात्रंदिवस त्यातच आहे, आत्ता सांगितलंस तर हातपाय गाळेल. मग मी म्हटलं, चालू दे. तुझा फोन झाला की मलाही दोन दिवस बरं वाटायचं."

"आणि जमीन तयार आहे का विचारलं तेव्हा..."

"जमीन आहेच ना जागेवर. खोटं नाही बोललो."

त्याला रागवावं असं वाटलं, पण कशावरून, तेच सापडेना. गुडघे गेलेला एकटा माणूस दोन हंगाम कुजलेल्या शेतात काय करणार होता. दुसऱ्या कुणाकडे दाणे द्यावेत तर त्या वरच्या अंगाला आता वाटाणा लावणारं कुणी उरलेलं नाही, हेही त्यानंच सांगितलं, एकेका घराचं. हा गेला, तो पोराकडे, त्यानं जनावरं ठेवलीत.

आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. माझं तोंड बघून तिला कळलं. ती परत आत गेली आणि भांड्यांचा आवाज यायचा थांबला.

"पुडी ठेव तुझ्याकडेच," मामा म्हणाला. "गार जागेत ठेव."

"हं."

मग दोघांपाशीही सांगायचं काही उरलं नाही, पण फोन कुणी ठेवला नाही. त्याच्या बाजूला कुणीतरी दार लोटलं, कुणीतरी त्याला जेवायला हाक मारली. त्यानं "आलो" म्हटलं आणि गेला नाही.

"मामा, आहेस?" मी विचारलं.

"आहे की," तो म्हणाला. "बोल."